जाळीत अडकलेला दगड

जिवतीच्या पहाडावर, धारेकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक दगड उभा आहे. माणसापेक्षा थोडा उंच, काळा-निळा, सहा बाजूंचा. त्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, 'पर्यटकांचे हार्दिक स्वागत', आणि खाली बाण काढलाय. लोक त्याला टेकून फोटो काढतात. मी म्हणते, तो दगड माझ्या मित्राचा आहे. त्याची आई म्हणते, नाही. या वादात मी केव्हाच हरले आहे. तरी लिहून ठेवते, कारण लिहायचं म्हणजे पत्रक लिहायचं एवढंच मला आजवर येत होतं, आणि हे पत्रकात बसत नाही.

आधी धार. पहाडावरचे लोक तिला नुसतं धार म्हणतात. पर्यटनवाल्यांनी तिचं गोड बारसं केलंय, ते नाव मी इथे लिहिणार नाही. पावसाळ्यात वरचा नाला फुगतो, सपाट पठारावरून धावत येतो आणि एका काळ्या कड्यावरून सरळ खाली कोसळतो. खाली डोह. डोहाच्या पुढे उतारावर माझ्या मित्राचा गुडा, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वाडी. पावसाळ्यात त्या गुड्यात बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. माझा मित्र तिथला. सभेत त्याला माइक लागायचा नाही.

कडा पाहिला तर वाटतं कुणी तासून, एकाला एक लावून खांब रचलेत. एकदा आम्ही चंद्रपूरहून भूगोलाच्या एका सरांना घेऊन आलो होतो. सर म्हणाले, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथे जमिनीला तडे गेले, आतला रस वर आला, थरावर थर पसरला. तो निवताना आकसला आणि त्याचे असे खांब झाले. गुड्यातली माणसं ऐकत होती. माझ्या मित्रानं आधी गोंडीत सांगितलं, मग माझ्यासाठी पुन्हा.

"तळं आटलं का चिखलाले कशा भेगा पडते? तसं. फक्त हा चिखल नाई, दगड होता. आन थो लई गरम होता."

सरांनी पुढचंही सांगितलं. आपण पाहतो ते पूर काहीच नाहीत, असे प्रचंड पूर या भागानं पूर्वी पाहिलेत. त्या पुरांनी पठाराची कड कापली. धार आधी खूप खाली होती, मैदानाच्या जवळ. प्रत्येक मोठ्या पुरात कड्याचा एखादा खांब सुटतो, डोहात पडतो, आणि धार तेवढी मागे जाते. म्हणजे ही धार चालते. खालून वर, उलटी, पहाड चढत.

सर गेल्यावर माझा मित्र डोहात पडलेले खांब बघून आला. मग म्हणाला, "म्हणजे धार मागं मागं जाऊन राह्यली, आन जे सोडून राह्यली थे आमच्या घरी येऊन राह्यलं."

हे कळायला गुड्याची रीत सांगावी लागेल. दुसऱ्या गुड्यांचं मला माहीत नाही, पण त्या गुड्यात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. मोहाच्या झाडांखाली त्यांची रांग आहे, सगळे सहा बाजूंचे, काही कमरेएवढे, काही डोक्याच्या वर. पण दगड कड्यातून काढायचा नाही. फोडायचा नाही, पहार लावायची नाही. पावसाळ्यात धारेनं आपण होऊन सोडला, डोहात पडला, तोच घ्यायचा. पाणी उतरल्यावर गडी डोहात उतरतात. ताजा सुटलेला खांब एका अंगानं कोरा असतो, शेवाळ नसतं, त्यावरून ओळखतात. मग दोर लावून अख्खा गुडा ओढतो. एखाद्या साली काहीच पडत नाही, मग थांबायचं. खांब पडताना दुभंगला तर नवरा-बायकोला देतात, आणि त्यावर थट्टाही होते की मेल्यावरही एका जागी भांडत बसणार.

तोवर खड्डा उघडा ठेवतात. दिवस झाले की रांगेत खड्डा खणायचा आणि दगड येईपर्यंत तो बुजू द्यायचा नाही. आणि तोवर गेलेल्या माणसाचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही. दगड उभा राहिला की आईनं, आई नसेल तर बायकोनं, त्याला हात लावून पहिल्यांदा मोठ्यानं नाव घ्यायचं. मग सगळ्यांनी.

म्हणून माझ्या मित्राचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्याचा दगड अजून रांगेत उभा राहिलेला नाही. मी त्या गुड्याची नाही, आमचं घर राजुऱ्यात, बौद्ध वस्तीत, बाप वायरमन. मला ती रीत लागू नाही. पण त्याच्या आईनं अजून नाव घेतलेलं नसताना मी छापून मोकळं व्हावं, हे मला जमणार नाही.

आमची ओळख एका मोर्चात झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या सगळ्या अन्यायांवर एका पानाचं पत्रक लिहीत होते. तो पहाडावरून यायचा, चपलेला लाल माती, खिशात बिड्या, आणि माझी पत्रकं वाचून हसायचा.

"ए राजुरावाली, हे काय लिवलं? 'भांडवली व्यवस्थेचा राक्षसी जबडा'?"

"मग काय लिहू?"

"आमच्या गुड्यात असं वाचलं का म्हातारे विचारन, कोणता राक्षस, कोणाच्या घरचा? रपट्यावर पूल पाह्यजे, असं लिव. रपटा सगळ्याइले दिसते."

रपटा म्हणजे वरच्या नाल्यावरचा सिमेंटचा बुटका रस्ता, ज्याच्यावरून पाणी वाहतं. गुड्याचा बाहेर पडायचा रस्ता तोच. नाला फुगला की गुडा तुटतो. तेच पाणी पुढे जाऊन धार होतं आणि त्याचे फोटो निघतात. आम्ही जितकी पत्रकं काढली त्या प्रत्येकात मागणी क्रमांक एक तीच होती. नंतर धारेपाशी झाली ती जाळी, गॅलरी, गेट यातलं आम्ही काहीच मागितलं नव्हतं.

छपाई राजुऱ्यातल्या एका जुन्या प्रेसमध्ये व्हायची. प्रेसचे चाचा लग्नपत्रिका छापायचे आणि त्यातून उरलेला कागद आम्हाला द्यायचे. त्यामुळे आमची सगळी आंदोलनं गुलाबी रंगात झाली.

"क्या बेटा," चाचा म्हणायचे, "सरकार पढेगी तो समझेगी किसी की शादी है।"

"मग जेवायला तरी येतील," माझा मित्र म्हणायचा.

पत्रकाच्या शेवटी 'आपले' म्हणून दोन नावं असायची, त्याचं आणि माझं. संघटनेचं नाव मोठं होतं, माणसं दोनच.

तो गेला पोळ्याच्या सुमारास. ताप होता, आधी साधाच वाटला. त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. त्याच्या आईनं शेजारच्या गुड्यातली जीप बोलावली. तो स्वतःच्या पायानं चालत जाऊन जीपमध्ये बसला. आईला म्हणाला, संध्याकाळी येतो, माझी भाकर ठेव. जीप रपट्यापर्यंत आली आणि नाला फुगलेला. ड्रायव्हर म्हणाला, उतरेल थोड्या वेळात. सगळे थांबले. पाणी उतरलं नाही. जीपमधल्या सीटवर, आईच्या मांडीवर तो तिथंच गेला. त्या पाण्यापलीकडे डांबरी रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून दवाखान्याला कितीसा वेळ लागला असता, हे मी कधी मोजलं नाही.

मला फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये होते. चाचांनी मशीन बंद केलं.

आम्ही राजुऱ्यात शोकसभा घेतली. आम्हाला दुसरं येतं तरी काय? फोटोला हार, दोन भाषणं, आणि मग घोषणा. त्याचं नाव घेऊन 'अमर रहे'. सगळा हॉल ओरडला. पुढच्या ओळीत त्याची आई बसली होती. मी तिला काकी म्हणते. तिनं पदर ओढून दोन्ही कान झाकले आणि उठून बाहेर गेली. मी मागे धावले. ती एसटी स्टँडच्या दिशेनं निघाली होती.

"काकी, काय झालं?"

"थो अजून वाटेवर हाय, पोरी. वाटेवरच्या माणसाले हाक मारत नसते. मागं वळून पाह्यते."

तेव्हा मला रीत कळली. म्हणजे माहीत होती, कळली तेव्हा. काकी मग स्टँडवर बसली आणि मला सांगत राहिली की आता पावसाळा सरतोय, या साली काही पडलं नाही, पण पुढच्या साली पडेल. मग गुडा ओढून आणेल. मग ती हात लावून नाव घेईल. तिला बाकी काही नको होतं. नुकसानभरपाई, चौकशी, निलंबन, या मी काढलेल्या मागण्या होत्या. तिची मागणी एकच होती, आणि ती सरकारकडे नव्हतीच.

पण सरकार मध्ये आलं.

त्याच हिवाळ्यात धारेवर 'विकासकाम' निघालं. वरच्या रपट्यावर पूल नाही. ज्या पाण्यानं माणूस अडवून मारला त्या पाण्यावर एक खांब नाही. पण तेच पाणी जिथे कोसळतं तिथे डोहाच्या काठावर रेलिंग लावलेली गॅलरी, सिमेंटच्या पायऱ्या, रस्त्यावर गेट. आणि बघायला येणाऱ्यांच्या डोक्यावर दगड पडू नये म्हणून कड्याला पोलादी जाळी. भेगांत सिमेंट भरलं, कड्यात लांब लांब बोल्ट ठोकले आणि धारेच्या दोन्ही बाजूंनी कडा जाळीनं बांधून टाकला. जे तिथे राहतात त्यांना पूल नाही आणि जे रविवारी येतात त्यांना जाळी. हे मी तेव्हा गुलाबी कागदावर लिहिलं होतं, इथे पुन्हा लिहिते. माझा राग ओसरलेला नाही.

साइटवरचा सुपरवायझर आमच्याच वयाचा, उमरेडकडचा पोरगा. मी त्याच्याशी पहिल्याच दिवशी भांडले.

"भाऊ, ही जाळी काढा. या लोकांचे दगड येतात इथून."

"दगड येते म्हणूनच तं लावून राह्यलो म्याडम."

"तसं नाही. त्यांना ते दगड लागतात. मेलेल्यांसाठी."

तो गोंधळला. मग त्याला बरं वाटलं, कारण त्याच्याकडे उपाय होता. पायऱ्यांसाठी त्यांनी बाजूचा कडा थोडा फोडला होता. तिथे सहा बाजूंचे चांगले खांब पडून होते. "पाह्यजे तेवढे घेऊन जा नं. ट्रॅक्टरनं टाकून देतो गुड्यात. आमचा बी माल हटन."

मी काकीला जाऊन सांगितलं. आता वाटतं, त्या वेळी मला त्यात आपला विजय दिसला होता. मागणी मान्य. काकी चूल फुंकत होती.

"थे फोडलेले हाय," ती म्हणाली.

"काकी, दगड तेच, कडा तोच."

"हो. पण त्याइले माणसानं बोलावलं. जो बोलावल्यानं येते थो पाव्हणा. थो बसून नाई राह्यत."

पावसाळा लागायच्या आधी मी बापाच्या पिशवीतून तार कापायची मोठी पक्कड घेऊन पहाडावर गेले. लपवायचं कारण नव्हतं, भर दुपारी गेले, सुपरवायझर जेवायला गेला होता. जाळीचा खालचा काठ हाताला येत होता. सरपण घेऊन येताना काकीनं मला पाहिलं. मोळी खाली टाकली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यली?"

"कापते. मग पडेल दगड."

"तू पाडला तं मंग थो तुहा दगड होईन. तुह्यासाठी खड्डा नाई खणला आम्ही."

ती हसली हे बोलताना. मोळी डोक्यावर द्यायला मला वाकवलं आणि निघाली. पक्कड मी परत पिशवीत टाकली. आजवर मी जितके लढे पाहिले त्यात काहीतरी करायचं असतं. इथे कुणी काही करायचंच नव्हतं. थांबायचं होतं आणि त्या थांबण्याच्या आड एक जाळी होती. याच्या विरुद्ध घोषणा कशी द्यायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पावसाळा आला. श्रावणात मोठा पूर आला, म्हातारे म्हणत होते असा बऱ्याच वर्षांत नव्हता. गुडा तुटला. मला फोनवर बातमी मिळाली, ती माझ्या मित्राच्या चुलतभावानं दिली. "दगड सुटला." एवढंच ऐकू आलं, पुढे धारेचा आवाज. मी नाला उतरायची वाट पाहत शेजारच्या गावी राहिले आणि वाट मिळाल्याबरोबर खाली गेले.

सगळा गुडा डोहाच्या काठावर उभा होता. सरकारी गॅलरीवर, कारण उभं राहायला दुसरी जागा उरली नव्हती. सगळ्यांची मान वर. धारेच्या उजव्या अंगाला, कड्याच्या मध्यावर, एक खांब जाळीत अडकलेला होता. वरून सुटला होता, त्याची कोरी बाजू आमच्याकडे होती, ओली, निळसर. जाळी त्याच्या भारानं पोटासारखी पुढे आली होती. त्याच्या मागून आणि वरून पाणी कोसळत होतं आणि तो त्या पाण्यात थोडा थोडा हलत होता. पडत मात्र नव्हता.

 दगड उभे करायचं काम ज्याच्याकडे असतं तो म्हातारा पुढे बसला होता. काकीनं त्याला विचारलं, हा चालन का. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"पाण्यानं सोडला, हे खरं हाय बाई. पण जमिनीले लागला नाई."

"सुटला तं हाय," काकी म्हणाली. "येईन."

त्यानंतर पाऊस असेपर्यंत ती रोज सकाळी डोहावर जायची. भांडं घेऊन जायची, पाणी आणायच्या निमित्तानं, जरी आता गुड्यात नळ होता. मी पहाडावर असले की तिच्याबरोबर जायचे. आम्ही रेलिंगला हात टेकून उभ्या राहायचो. ती दगडाकडे बघायची, मी जाळीच्या बोल्टांकडे. एक बोल्ट तरी निसटावा, सिमेंटमध्ये वाळू जास्त घातलेली निघावी, अशी आशा मी आयुष्यात पहिल्यांदा केली. आमच्याकडचे रस्ते एका पावसात जातात. शाळेचं छत जातं. या पहाडावर सरकारी काम एकच मजबूत निघालं आणि ते हे.

काम काढणाऱ्या कार्यालयात मी एक अर्ज दिला. विनंती एवढीच की जाळीचा खालचा काठ तेवढा सैल करावा आणि बाजूला व्हावं. दगड त्याच्या वेळेला पडेल. उत्तर आलं की जाळीने तिचे कार्य समाधानकारकरीत्या पार पाडले असून अडकलेला दगड पावसाळ्यानंतर सुरक्षितरीत्या उतरविण्यात येईल. एवढं अदबीनं लिहिलेलं उत्तर आमच्या संघटनेला आधी कधी आलं नव्हतं.

दिवाळीनंतर धार दोरीएवढी झाली तेव्हा सुपरवायझर साखळ्या, कप्प्या आणि माणसं घेऊन आला. मी त्याला शेवटचं विचारलं.

"भाऊ, काठ कापा आणि सरका ना बाजूला. कुणाला कळणार आहे?"

त्यानं गॅलरीकडे बोट दाखवलं. "खाली हे उभं हाय म्याडम. दगड याच्यावर आला तं गॅलरी जाईन. गॅलरी गेली तं मी जाईन." मग थांबून म्हणाला, "वरून ऑर्डर हाय, जागेवरच फोडून तुकडे काढा. मी फोडत नाई. अख्खा उतरवतो. तेवढं करतो मी."

आणि त्यानं केलं. खांबाला गोणपाट गुंडाळलं, दोर बांधले, आणि सकाळपासून दुपारपर्यंत, बोटबोट करत, तो खाली आणला. माझा त्या पोरावरचा राग त्या दिवशी गेला, कार्यालयावरचा राहिला. तो स्वतः काकीला बोलवायला गुड्यात गेला.

"बाई, एक कोपरा नाई उडाला. पाहा. घेऊन जा आता."

काकी आली. तिनं गोणपाट बाजूला केलं आणि खांबाच्या कोऱ्या बाजूवर तळहात ठेवला. मला वाटलं, आता नाव घेईल. गुड्यातली माणसं दोर घेऊनच आली होती, त्यांनाही वाटलं असणार. तिचे ओठ हलले. मग तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"चांगला उतरवला, भाऊ," ती सुपरवायझरला म्हणाली. "लई जपून उतरवला. पण हा उतरवलेला हाय."

त्याला घरी नेऊन तिनं कोरा चहा पाजला. तो खाली मान घालून प्याला.

मला मात्र राहवलं नाही. तो गेल्यावर मी भांडले. मी तिला सांगितलं की असं कुठे असतं, रीत माणसांसाठी असते, थोडी वाकवली तर काय होतं, हा सुटला पाण्यानंच ना? आपण होऊनच निघाला ना? जाळी मध्ये आली हा त्याचा दोष आहे का? मी भाषणच केलं, बोट वर करून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"थो बी निंगाला होता, पोरी," ती म्हणाली. "आपल्या पायानं जाऊन बसला होता गाडीत. निंगाला म्हणजे पोचला का?"



दगड डोहाच्या काठावर पडून राहिला. गुड्यानं नेला नाही म्हटल्यावर तो सरकारी झाला. उन्हाळ्यात गेट बांधलं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की नैसर्गिक दगडाची पाटी छान दिसेल. क्रेननं उचलून रस्त्याच्या तोंडाशी गाडला आणि रंगवला. जाळी परत ताणून बांधली, आता दुहेरी आहे. यंदा कड्यावरून खडादेखील आलेला नाही. रपट्यावर पूल नाही.

जिवतीच्या बाजाराची काळीपिवळी त्या गेटापाशीच थांबते. एकदा मी आणि काकी बाजारातून परत येत होतो. उतरल्यावर तिनं डोक्यावरचं गाठोडं त्या दगडाला टेकवून ठेवलं आणि त्याच्या बुडाशी बसली. मी विचारलं, इथे का बसली?

"सावली हाय इथी."

सावली समोरच्या झाडाखालीही होती.  एक जोडपं फोटो काढायला आलं, त्यांनी तिला थोडं सरकायला सांगितलं. ती सरकली. त्यांचा फोटो झाल्यावर परत तिथे येऊन बसली.

या भाद्रपदात मी गेले तेव्हा ती मोहाच्या झाडांखाली होती, त्याच्या खड्ड्यापाशी. पावसानं त्यात गाळ भरतो, कडा ढासळतात. खड्डा बुजला की माणसाची जागा गेली असं धरतात, म्हणून ती दर पावसानंतर तो उपसते. शेजारचे दगड एका रांगेत उभे, मध्ये दात पडल्यासारखी ही जागा. मी पिशवी ठेवली आणि हातानं चिखल काढायला बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुह्याजवळ थो कागद हाय का? गुलाबी?"

आमचं शेवटचं पत्रक मी पाकिटात घडी करून ठेवलेलं असतं. काढलं. हात पुसून तिनं ते धरलं, उलटं, मग मी सरळ करून दिलं. तिला वाचता येत नाही.

"त्याचं नाव हाय यात?"

"आहे. खाली."

"कुठी?"

मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं, टेकवलं न टेकवलं असं, आणि काढून घेतलं.

"वाच सगळं," ती म्हणाली. "वरून वाच."

मी वाचलं. धारेचा आवाज होता, त्यामुळे मोठ्यानं वाचावं लागलं, सभेत वाचते तसं. बंधू आणि भगिनींनो. मागणी क्रमांक एक, वरच्या नाल्यावरील रपट्याच्या जागी तात्काळ पूल बांधण्यात यावा. मग दुसरी, मग तिसरी. त्यानं खोडलेली माझी विशेषणं मला आठवत होती, ती कागदावर कुठेच नव्हती. काकी उकिडवी बसून ऐकत होती, खड्ड्याकडे बघत. मी शेवटाला आले. 'आपले' असं वाचलं.

तिनं हात वर केला.

"बस," ती म्हणाली. "इथपर्यंत."

मी घडी घातली. तिनं टमरेल उचललं आणि खड्ड्यात साचलेलं पाणी काढून मोहाच्या बुडाशी ओतायला लागली. मीही दुसऱ्या बाजूनं काढू लागले.